पलंगाखालची नऊ माध्यमं

आधी कबुली देते, मग रागाव. परवा मी तुमच्याकडे आले तेव्हा तू कॉलेजातून यायची होतीस. मामीनं चहा टाकला, मला तुझ्या खोलीत नेलं आणि पलंगावरून लोंबणारी चादर वर उचलली. ‘बघ तूच,’ म्हणाली, ‘तुझ्या लाडक्या बहिणीचा कारखाना.’ मी वाकून बघितलं आणि मग खाली फतकल मारून बसलेच. एकेक वस्तू बाहेर काढली. तुला न विचारता काढली, हे चूकच झालं. पण काढली.

नऊ माध्यमं निघाली गं. जलरंगांचं पॅड, त्यात पहिली चार पानं रंगवलेली आणि बाकी कोरी. ॲक्रेलिकचा एक कॅनव्हास, ग्वारीघाटाच्या पायऱ्या अर्ध्यावर सोडलेल्या. तैलरंगाचा एक, वर्तमानपत्राला चिकटलेला. कोळशानं काढलेले दोन चेहरे, एकमेकांवर ठेवल्यामुळे दोघांचंही नाक पुसलेलं. लिनोचा तुकडा. भरतकामाची रिंग, सुई अजून कापडातच. रेझिनचं कोस्टर, आत बुडबुडे. प्लॅस्टरचा फुटका साचा. आणि मातीचं एक डोकं, कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेलेलं.

मामीचं म्हणणं सरळ होतं. ‘ही पोरगी काही धड करत नाही. दर महिन्याला नवीन सामान. तू समजाव.’ मी तिला लगेच ‘हो’ म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं सगळं करून बघायचं नाही तर कुणी बघायचं? कॉलेज असतंच त्यासाठी. नऊच काय, एकोणीस माध्यमं हाताळ. त्याबद्दल मी तुला एका शब्दानं बोलणार नाही, आणि मामीलाही बोलू देणार नाही.

मला खटकलं ते वेगळंच. मी त्या नऊ वस्तू जमिनीवर ओळीनं मांडल्या आणि बघत बसले. वस्तू नऊ, पण थांबलीयस एकाच जागी. जलरंगात ओल्या आभाळावर पुन्हा ब्रश फिरवलास आणि कोबीच्या पानासारखा झालरीचा डाग उमटला, तिथं थांबलीस. मातीला तडा गेला; तिथं थांबलीस. रेझिनमध्ये बुडबुडे आले, थांबलीस. लिनोत बारीक रेघ तुटली, थांबलीस. प्रत्येक माध्यमानं पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं की तू दुसऱ्याच्या दारात. याला प्रयोग म्हणत नाहीत गं. चार दिवस पाहुणी म्हणून राहायचं आणि भांडी घासायची वेळ आली की निघायचं, यातला हा प्रकार झाला.

लागलं ना? लागू दे. मी कुणाच्या तोंडानं बोलतेय तेही ऐक.

तुझ्याएवढी असताना मी दिवाळीची भेटकार्डं करायला घेतली होती. लिनोवर. पणती, तोरण आणि वर ठळक अक्षरांत ‘शुभ दीपावली’. चार रात्री कोरत होते. डाव्या अंगठ्यावरची ही पांढरी खूण त्याच वेळची. पात्याच्या समोर हात धरू नये, हे मला रक्त आल्यावर कळलं. शाई लावली, कागद ठेवला, आमटीच्या पळीच्या पाठीनं घासलं, अलगद उचललं. पणती झकास. तोरण झकास. आणि अक्षरं सगळी उलटी! शिरोरेघ आपली जागच्या जागी, इमानदार. तिच्याखाली लोंबणारं प्रत्येक अक्षर मात्र आरशातलं. घरात सगळे हसले. बाबा तर कार्ड आरशासमोर धरून वाचून दाखवायला लागले. मी तो लिनो उचलला आणि माळ्यावर टाकला. दोन वर्षं हात लावला नाही. माझं सांगणं काय, तर ‘लिनो माझं माध्यम नाही’. किती भारदस्त वाक्य! खरं कारण एवढंच होतं की ट्रेसिंग पेपर पालथा घालून मग उतरवायचा, हे दहा मिनिटांचं काम मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

म्हणून म्हणते, ‘हे माझं माध्यम नाही’ हे वाक्य तुझ्या तोंडी आलं की जरा थांब आणि स्वतःला विचार: मला हे आवडलं नाही, की मला हे आलं नाही? दोन्ही कारणांनी सोडता येतं. पण दोन्हींना एकच नाव देऊ नकोस.

आता त्या मातीच्या डोक्याचंच बघ. मी ते उलटं करून आत बघितलं. मधे लाकडाचा दांडा आहे, त्याच्याभोवती माती सरळ थापलीयस. माती सुकताना आक्रसते, लाकूड आक्रसत नाही. आत अडून बसलेलं लाकूड आणि बाहेरून आवळत येणारी माती, मग तडा जाणार नाही तर काय होईल? तो दांडा आधी वर्तमानपत्रानं किंवा सुतळीनं जाडसर गुंडाळला असतास तर मातीला आवळायला जागा मिळाली असती. नाहीतर माती अर्धवट कडक झाल्यावर, म्हणजे चामड्यासारखी झाली की, तारेनं डोकं उभं कापून दोन फाका करायच्या, आतून कोरून पोकळ करायचं आणि मातीचाच पातळ रस लावून पुन्हा सांधायचं. भट्टीत घालायचं असेल तर पोकळ करावंच लागतं. शिवाय तू ते सुकायला ठेवलंस कुठं, तर गच्चीवर, मे महिन्यात! आपल्या महाराजपुरात मे महिन्यात गच्चीवर पापड वाळतात, डोकी नाही. वरची कातडी तासाभरात खडखडीत आणि आत चिखल. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी घालून, कॉटखाली आठवडाभर विसरायचं असतं ते.

बघ, एका तड्यात केवढा अभ्यास होता. आणि तू तो पलंगाखाली ढकललास.

ऋतूंचं निघालंच आहे तर सांगून टाकते, कारण ही गोष्ट कुठल्याही व्हिडिओत सांगणार नाहीत; ते व्हिडिओ करणाऱ्यांना जबलपूरचा उन्हाळा माहीत नसतो. इथं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो तेव्हा ॲक्रेलिक ब्रशवरच सुकतं. तुझ्या ग्वारीघाटाच्या पायऱ्या अर्ध्यावर राहिल्या त्या आळसानं नाही, मला खात्री आहे. रंग पसरायच्या आत धरला असणार आणि तू वैतागली असणार. त्यावर उपाय अगदी साधा आहे. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. आणि हाताशी पाण्याची फवारणी. नाहीतर पहाटे साडेपाचला उठ. पावसाळ्यात उलटं होतं. जुलै-ऑगस्टात कागद असा मऊ पडतो की जलरंगाचा हात सुकतच नाही आणि पॅडवर बुरशीचे ठिपके धरतात. तो काळ मातीला द्यावा. सावकाश सुकते, तडे कमी जातात. दिवाळीनंतर होळीपर्यंत जलरंगाला इथल्यासारखी हवा नाही. कोरडी थंडी, मऊ ऊन, भेडाघाटचा संगमरवर दुपारी पांढरा आणि चार वाजता मधासारखा दिसतो. हे चार महिने तू रेझिनमध्ये घालवलेस, बाई.

तैलरंगाचं वेगळंच. तो पाणी उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला दिवस लागतात, जाड थराला तर महिने. म्हणून खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वरचे तेलकट. उलटं केलंस तर वरचा थर आधी सुकतो, खालचा मागाहून हलतो, आणि वर्षभरात भेगा. ॲक्रेलिकवर तैलरंग चालतो; तैलरंगावर ॲक्रेलिक कधीही चालत नाही, सोलपटासारखं निघतं. आणि दोन दिवसांच्या तैलचित्रावर वर्तमानपत्र ठेवून ते पलंगाखाली सरकवलं तर चित्रात कालच्या निवडणुकीची बातमी उमटते. तुझ्या चित्रात उमटलीय. वाईट नाही दिसत, खरं सांगायचं तर.

चेष्टा पुरे. एक गोष्ट मात्र चेष्टेतही सांगणार नाही. तेलाचे बोळे. तू ब्रश पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात, दुपट्ट्यांच्या टोपलीशेजारी टाकला होतास. जवसाच्या तेलाची चिंधी सुकताना स्वतःच तापते. गोळा करून ठेवली तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. पसरून वाळत घालायची, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवायची. मी ती उचलून बादलीत टाकली, मामीला काही बोलले नाही. तसंच प्लॅस्टर. पाण्यात कालवलेलं प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं, चांगलंच भाजतं. हाताचा साचा काढायचा म्हणून त्यात मूठ खुपसून बसायचं नाही, मैत्रिणीनं रीलमध्ये केलं असलं तरी. आणि रेझिन, टर्पेंटाइन हे खिडकी उघडी ठेवून. कूलरच्या बंद खोलीत नाही. डोकं दुखतं म्हणत होतीस ना महिनाभर?

आता जरा मोठ्यांच्या गोष्टी. तुला वाटेल ताई इतिहास सांगायला लागली. पण ही माणसं आपल्या परसदारची आहेत गं, म्हणून सांगते.

मंडल्याच्या रस्त्यानं पुढे गेलं की दिंडोरी जिल्ह्यात पाटनगढ नावाचं गाव. तिथल्या परधान गोंड घरातला जनगढसिंह श्याम. त्या घरांच्या भिंतींवर बायका डिगना काढतात, छुईची पांढरी माती, गेरू, काळी माती, शेण. लिंपलेली भिंत हाच कागद. भोपाळला 1982 मध्ये भारत भवन सुरू झालं, त्याच्या तयारीत चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवलं होतं. त्यांना पाटनगढच्या एका भिंतीवर हा पोरगा सापडला. विशीतला. भोपाळला आणला. तिथं त्यानं पहिल्यांदा पोस्टर कलर हाताळले, आणि ते झगझगीत रंग ब्रशवर घेतले तेव्हा अंगावर शहारे आले, असं तो नंतर सांगायचा.

इथं तू नीट लक्ष दे. माती सुटली, भिंत सुटली, गाव सुटलं. हातात आला कागद, शाई, पोस्टर कलर, मग कॅनव्हास, ॲक्रेलिक, सिल्कस्क्रीन. माध्यमं त्यानंही धडाधड बदलली. पण प्रत्येक ठिकाणी त्यानं तेच विचारलं: माझे ठिपके इथं कसे पडतील? कागदावर पेननं ओढलेल्या त्या बारीक रेघांच्या आणि ठिपक्यांच्या रांगा बघ कधी. हरणाचं अंग त्या रांगांनी असं भरलेलं असतं की ते श्वास घेतंय असं वाटतं. भिंतीवर एवढी बारीक रेघ येतच नाही, मातीचं बोट ते करू देत नाही. पेननं करू दिलं. म्हणजे नव्या माध्यमानं त्याला जे दिलं ते त्यानं घेतलं, पण मागायला गेला तो स्वतःचं काहीतरी बरोबर घेऊन. 1989 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं होती. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतींवर त्याचं काम आहे. आज पाटनगढात घराघरात जे चित्रकार आहेत, त्यांच्या शैलीला ‘जनगढ कलम’ असंच नाव पडलंय. 2001 मध्ये जपानमध्ये तो गेला, चाळीशीही गाठली नव्हती. त्या शेवटाबद्दल मला बोलवत नाही.

आणि मंडल्याकडचेच दुसरे, सैयद हैदर रझा. जंगल खात्यातल्या माणसाचा मुलगा. ककैयाच्या शाळेत लक्ष उडायचं म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून ‘याच्याकडे बघत बस’ म्हटलं, ही गोष्ट तुला कॉलेजात सांगितली असेलच. ती सगळे सांगतात. मी दुसरी सांगते. नागपूरच्या कला शाळेत 1939 ते 43 शिकले, मुंबईत आले आणि जलरंगात मुंबईचे रस्ते, पाऊस, गर्दी रंगवत राहिले. 1950 मध्ये पॅरिस. तिथं तैलरंग, जाड थराचे. पुढं ॲक्रेलिक. आणि तो मास्तरांचा ठिपका ‘बिंदू’ होऊन चित्रात ठाण मांडून बसला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मधली चाळीसेक वर्षं ठिपका कुठं होता? रंग कालवत होता. 2016 मध्ये ते गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणं मंडल्यात वडिलांच्या शेजारी त्यांना दफन केलं. आपल्याकडून दोन-अडीच तासांवर. एकदा जाऊ आपण, तुझी परीक्षा झाली की.

माध्यम बदलणाऱ्यांत माझे सर्वांत लाडके मात्र इंदूरचे विष्णू चिंचाळकर. गुरुजी. वाळकी पानं, काटक्या, बिया, फुटकी कौलं, मोडका कंगवा, जे दिसेल ते उचलायचे आणि त्यातून घुबड, म्हातारी, गणपती काढून दाखवायचे. दाखवायचे म्हणजे खरंच फक्त दाखवायचे. बहुतेक वेळा ते काही चिकटवतही नसत, नुसतं आडवं धरलेलं पान उभं करत. तुझ्या कॉलेजातली पोरं त्यांचं नाव घेऊन काहीही गोळा करतात आणि त्याला इन्स्टॉलेशन म्हणतात, हे मी प्रदर्शनात बघितलंय. पण गुरुजी आधी देवळालीकर मास्तरांकडे शिकलेले. बेंद्रे, हुसेन यांनी जिथं धडे गिरवले तीच ती इंदूरची शाळा. गुरुजींचं व्यक्तिचित्रणावर प्रभुत्व होतं, जलरंग-तैलरंग हातात मुरलेले. काटकीत मान दिसायला आधी शेकडो माना काढलेल्या असाव्या लागतात. त्यांनी ब्रश ठेवला तो येत नव्हता म्हणून ठेवला नाही. तुझ्या भरतकामाच्या रिंगेत आणि गुरुजींच्या काटकीत फरक आहे तो एवढाच.

आपल्याच शहरातलं बघायचं तर गोलबाजारात शहीद स्मारकात जा, आतली भित्तिचित्रं बघ. ब्योहार राममनोहर सिन्हांची. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली तयार झालेले. आपल्या संविधानाच्या मूळ प्रतीत प्रास्ताविकेच्या पानाभोवतीची नक्षी त्यांचीच आहे, कोपऱ्यात देवनागरीत बारीक ‘राम’ लिहिलेलं दिसतं. एक माणूस एका पानाची चौकटही करतो आणि मान वर करून बघावी लागेल अशी भिंतही रंगवतो. तू त्या भिंतीखाली दहा मिनिटं उभी राहिलीस आणि मग फोनवर प्रास्ताविकेचं पान उघडलंस, तर मी जे पानभर सांगतेय ते तुला मी न सांगता कळेल. रेघ ओळखीची वाटते का बघ.

बरं, आता कामाचं.

वही कर एक. सुंदर नको, शाळेची दोनशे पानी. प्रभाकर बरवे डायऱ्या लिहायचे. एनॅमल पेंट, म्हणजे आपण ग्रिलला लावतो तो रंग, कॅनव्हासवर वापरणारा माणूस, आणि विचार इतका नितळ की त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ मी दर पावसाळ्यात पुन्हा काढते. तुला एवढं थोर लिहायचं नाहीये. तुझ्या वहीत असं लिही: ‘तारीख. ऊन कडक. लिनो उन्हात पाच मिनिटं ठेवला, लोण्यासारखा कापला गेला. शाई जास्त झाली, बारीक रेघा बुजल्या.’ बस. रोलर शाईवरून फिरवताना तेल तापल्यासारखा बारीक चर्र आवाज आला की शाई बरोबर. चपचप वाजली की जास्त. असलं कानानं कळणारं ज्ञान पुढच्या वेळी आठवत नाही गं, लिहिलं नाही तर वाया जातं. बिघडलेलं कामही वहीत चिकटव. माझं ते उलटं ‘शुभ दीपावली’ माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे, येशील तेव्हा दाखवते.

एका वेळी दोन माध्यमं धर. एक हट्टाचं, एक मजेचं. हट्टाचं तीन महिने सोडायचं नाही, काही झालं तरी. मजेचं हवं तर दर शनिवारी बदल, मला सांगूही नकोस. आणि विषय एकच ठेव. ग्वारीघाटच घे, तो तुझ्या बोटांत बसलाय असं मला ती अर्धी पायरी बघून वाटलं. तोच घाट कोळशात, तोच लिनोत, तोच जलरंगात. मग तुला दिसेल की कोळसा संध्याकाळच्या धुराला बरा, लिनो पायऱ्यांच्या कडांना, आणि पाण्यावरच्या दिव्यांना जलरंगाशिवाय कुणी हात लावू नये. विषय पण बदलायचा आणि माध्यम पण बदलायचं, मग काय शिकलो ते कळायचं कसं?

टॅबलेटवर काढू का, असं तू विचारलं होतंस. काढ की. फक्त त्यात ‘मागे जा’ची खूण आहे आणि मातीत नाही, एवढं लक्षात असू दे. तुझा स्वभाव बघता तुला सध्या मातीची जास्त गरज आहे.

पैशाचं मी बघते मामीशी. पण तूही ऐक. रेझिनचे डबे बंद कर काही दिवस, त्यात घातलेल्या पैशात चांगल्या, तीनशे जीएसएमच्या कागदाचं पॅड आलं असतं. तू ब्रश महाग घेतलेस आणि कागद स्वस्त. उलटं कर. स्वस्त कागदावर गायतोंड्यांच्या हातालाही जलरंग जमला नसता. गायतोंड्यांचं नाव निघालंच म्हणून, नागपूरला जन्मलेला हा माणूस वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचा. रोलर, पॅलेट नाइफ, कागदाचे कपटे दाबून उचललेले रंग, साधनं सगळी साधी. बाकीचा वेळ नुसता बसलेला. तुला मामा ‘नुसती बसलीयस’ म्हणाले तर हे सांगू नकोस, ते आणखी चिडतील. मला सांग.

आणि मामांचा तो प्रश्न, ‘पुढं काय करणार?’ त्याचं उत्तर आज तुझ्याकडे नसलं तरी चालेल. माझ्याकडेही विसाव्या वर्षी नव्हतं. आज मी शाळेत चित्रकला शिकवते, सुट्टीत छापचित्रं करते, दोन-चार विकली जातात, बाकीची वाटते. मला कुणी मोठी चित्रकार म्हणत नाही, आणि मला ते आता बोचत नाही. कधीकधी बोचतं. दिवाळीत, बहुतेक.

ते मातीचं डोकं मी माझ्याकडे घेऊन आलेय, तड्यासकट. फेकून दिलं असं समजू नकोस. भिजत घातलं की तीच माती पुन्हा वापरता येते, भट्टीत न गेलेली माती काही वाया जात नाही. लिनोचा तुकडा तुझ्या टेबलावर ठेवलाय, त्यावरची धूळ पुसलीय. रविवारी दहाच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. तो तुकडा आण, ट्रेसिंग पेपर आण आणि वही आण. पळी माझ्याकडे आहे. खोव्याची जिलेबी मी आणून ठेवते, पण ती छाप निघाल्यावर मिळेल.